रामजोशीचा डफ

गेल्या गॅदरिंगला आमच्या वर्गाने रामजोशीच्या आयुष्यावर तासाभराचे एक संगीत नाटक बसवले. त्यात मी ढोलकीवर होतो. नाटक कुणी लिहिले, कुणी कोणते काम केले, हे वाङ्मय मंडळाच्या अहवालात येईलच. मला लिहायचे आहे ते रामजोशीविषयी. दीड महिना तालमीत त्याचे आयुष्य मी रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होतो, आणि शेवटच्या प्रवेशाशी माझे काही केल्या जमत नव्हते.

तो प्रवेश असा. रामजोशीचा फड बारामतीला आला आहे. त्याचा लौकिक ऐकून खुद्द मोरोपंत त्याची कवने ऐकतात. एवढी विद्या, एवढी वाणी आणि ती तमाशात वाया चाललेली पाहून पंत हळहळतात. त्यांच्या शब्दाने रामजोशीला उपरती होते. तो डफ जमिनीवर आपटून फोडतो, हातात चिपळ्या घेतो आणि पंतांची आर्या म्हणू लागतो. पडदा पडतो, टाळ्या होतात. डफ फुटला की मी ढोलकी उचलून विंगेत जायचे, असे वहीत माझ्या नावापुढे लिहिले होते.

ही गोष्ट बारामतीला नवी नाही. इथे मोरोपंत म्हणजे गावचे दैवत. जन्म पन्हाळ्याचा, १७२९ चा. पण आयुष्य गेले ते बारामतीत, कऱ्हेच्या काठी, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने. नाईक साधे सावकार नव्हते, पेशव्यांचे सोयरे होते. त्यांच्याकडे पुराण सांगायचे आणि उरलेल्या वेळात आर्या रचायच्या, असा पंतांचा दिनक्रम. सगळे महाभारत त्यांनी आर्यांत आणले. रामायणे तर एकशे आठ लिहिली म्हणतात. अशा पंतांनी तमासगिराला सन्मार्गाला लावले, ही गोष्ट गावाला आवडणारच. मलाही दहावीपर्यंत आवडायची.

आता रामजोशीकडे वळतो. तो सोलापूरचा. जन्म इ. स. १७६० च्या आगेमागे. घराणे वेदशास्त्र जाणणाऱ्या जोशांचे. थोरला भाऊ मुद्गल विद्वान होता, पुराणे सांगे, आणि गावात त्याच्या शब्दाला मान होता. धाकट्याने तीच वाट धरावी एवढीच त्याची अपेक्षा. पण सोलापुरातच धोंडी शाहिराचा फड होता. संध्याकाळी डफ-तुणतुणे सुरू झाले की रामचे पोथीत लक्ष लागत नसे. तो तिथे जाऊन बसू लागला, आणि पुढे धोंडीला लावण्या रचून देऊ लागला.

त्या काळात हे किती मोठे पाऊल होते, ते आज पटकन कळत नाही. तमाशात उभी राहणारी माणसे बहुतेक खालच्या समजल्या गेलेल्या जातींची. शाहीर म्हणावे तर होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. तिथे जोशांच्या मुलाने मांडी घालून बसायचे म्हणजे घराण्याची अब्रू गेली. मुद्गलाने पुष्कळ समजावले आणि शेवटी भावाला घराबाहेर काढले. आमच्या नाटकात मुद्गल खलनायक केला होता, मिशा वगैरे लावून. मला तो तसा वाटत नाही. घर वर यावे म्हणून एक माणूस आयुष्यभर झटतो आणि त्याच घरातला दुसरा उठून डफाजवळ जातो, तेव्हा झटणाऱ्याच्या पोटात काय होते ते मी पाहिले आहे.

कारण आमच्या घरात हेच झाले होते, फक्त उलट्या क्रमाने. माझा आजा एका फडात ढोलकी वाजवायचा. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, निरेच्या काठाला. दसरा झाला की आजा जायचा तो वैशाखाच्या पौर्णिमेनंतर परत यायचा. कधी नारायणगावची सुपारी, कधी खाली सोलापूरकडच्या जत्रा. आणायचा काय, तर पितळेच्या कड्या, ढोलकीची दोरी आणि उधारी. माझ्या वडिलांची शाळा चौथीत सुटली ती त्या उधारीपायी. म्हणून आमच्या घरात आज्याच्या ढोलकीचा विषय निघत नाही. ती माळ्यावर पोत्यात बांधलेली आहे. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांनी माझ्या नावापुढे सही केली तेव्हा एकच अट घातली होती, आणि ती कोणती ते वाचकांच्या लक्षात आले असेल. तालमीचे दिवस मी घरी सांगितले की कॉलेजात कीर्तनाची तयारी चालली आहे. मोरोपंतांच्या आर्या होत्या, तेव्हा अगदीच खोटे नव्हते.

असो. घराबाहेर पडलेला रामजोशी पंढरपूरला गेला. तिथे तो वाया गेला नाही, ही मला त्याच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट वाटते. तिथे राहून त्याने संस्कृतचे अध्ययन केले. काव्य, व्याकरण, पुराणे. पंडित होऊन सोलापूरला परतला. आता तो भावासारखी पुराणे सांगू शकत होता, कीर्तन करू शकत होता, आणि ते त्याने केलेही. पण एवढे सगळे शिकून झाल्यावर त्याने स्वतःचा फड काढला. अडाणीपणामुळे माणूस तमाशात गेला असे त्याच्याबाबत म्हणताच येत नाही. तो शिकून गेला.

आणि शिकलेले त्याने तिथे ओतले. त्याची एक रचना अशी आहे की तिच्यात संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदी अशा चार भाषा येतात. सोलापूरच्या बाजारात उभे राहिले तर आजही चार भाषा कानावर पडतात. त्याने ते ऐकले आणि यमकात बसवले, एवढेच. मदालसा चंपू नावाचा संस्कृत ग्रंथही त्याच्या नावावर आहे. एका रचनेतल्या पहिल्या शब्दावरून केशवकरणी हे त्या चालीचेच नाव पडले आणि पुढच्या कवींनी ती चाल वापरली. सुंदरीच्या वर्णनाच्या लावण्या लोकांना पाठ असतात, पण ज्यांनी कपाळावर पट्टे ओढले आणि डोक्यावर जटा वाढवल्या, पण मनात देव नाही, अशांना त्याने झोडपले आहे ती रचना मला जास्त आवडते. तिच्यात ट हे अक्षर इतक्या वेळा आणि अशा जागी येते, की वाचतानाच ढोलकीच्या शाईवर बोट पडल्यासारखे वाटते. मी ती प्रथम ग्रंथालयात वाचली तेव्हा टेबलावर बोटे वाजली आणि मला उठून बाहेर जावे लागले.

फडात त्याच्याबरोबर बयाबाई होती. तिच्याविषयी पुस्तकांत एखाददुसरी ओळ सापडते. १९४७ साली राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. सुरुवात बाबूराव पेंटरांनी केली आणि तो व्ही. शांताराम यांनी पुरा केला. कथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे, रामजोशी जयराम शिलेदार आणि बया हंसा वाडकर. हा चित्रपट इतका चालला की मराठीत पुढे वर्षानुवर्षे तमाशापटांची रांग लागली. आमच्या वर्गाने तो मोबाईलवर तीनदा पाहिला. बया लोकांच्या ध्यानात राहिली ती हंसा वाडकरांमुळे; एरवी फड जिच्या पायांवर उभा असतो तिचे नाव कोण लिहून ठेवतो?

आता बारामतीचा प्रसंग. पंतांनी रामजोशीला ऐकले, त्याच्या कवित्वाची वाखाणणी केली आणि त्याला कीर्तनाकडे वळवले, असे परंपरा सांगते. त्याने कीर्तनात पंतांच्या आर्या गायिल्या, हेही सगळे जण मान्य करतात. पण आमच्या इतिहासाच्या सरांची सवय अशी, की कोणतीही गोष्ट सांगितली की ते दोन सनावळ्या शेजारी शेजारी मांडायला लावतात. मी मांडल्या. मोरोपंत वारले १७९४ साली. दुसरा बाजीराव गादीवर आला १७९६ च्या अखेरीस. आणि रामजोशीला पुण्यात शाहीर म्हणून मान मिळाला, बिदागी मिळाली, ती याच बाजीरावाच्या काळात, असे तीच पुस्तके सांगतात. मग बारामतीत डफ फुटला असेल तर पुण्यात तो काय वाजवत होता?

शिवाय ही गोष्ट एकट्या रामजोशीची नाही. संगमनेरच्या अनंत फंदीलाही अहिल्याबाई होळकरांनी बोध केला आणि त्याने डफ टाकून कीर्तन धरले, असे सांगतात. म्हणजे चांगला शाहीर दिसला की त्याला कुणीतरी मोठ्या माणसाने सुधारलेच पाहिजे, असा हा साचा दिसतो. इंग्रजीच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी मला लिटल रिचर्ड नावाच्या अमेरिकन गायकाची हकीकत सांगितली. रॉक अँड रोलच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी हा एक. १९५७ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात त्याला असाच साक्षात्कार झाला. बोटांतल्या अंगठ्या नदीत फेकून तो देवाची गाणी गाऊ लागला, आणि १९६२ साली परत पियानोवर येऊन पहिल्यासारखा ओरडू लागला. तिकडे अशा गायकांच्या आयुष्यावर संगीत नाटके होतात, बडी हॉलीवरचे नाटक १९८९ पासून लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालले, असेही सर म्हणाले. लिटल रिचर्ड निदान परत आला हे तरी लोक लपवत नाहीत.

मला वाटते ते असे. रामजोशीने डफही सोडला नाही आणि चिपळ्याही. ज्या दिवशी कीर्तन त्या दिवशी कीर्तन, ज्या रात्री फड त्या रात्री फड. आणि बारामतीच्या भेटीत फक्त रामजोशीचेच भले झाले असेही नाही. पंतांच्या आर्या म्हणजे संस्कृत समासांची भरलेली बैलगाडी. पंडितांच्या घरातून ती लोकांच्या चावडीपर्यंत ओढून न्यायला सवयीचा गळा हवा होता. हजारो लोकांना रात्रभर जागे ठेवण्याची सवय ज्याला फडात लागली होती, त्याने त्या आर्या म्हटल्या आणि त्या गावोगाव गेल्या. पंतांनी रामजोशीला उचलले तेवढेच रामजोशीने पंतांना उचलले. आम्ही मात्र एकाला पंत म्हणून अहोजाहो करतो आणि दुसऱ्याला अरेतुरे. ही खोड पुस्तकांची आहे. या लेखात माझ्याही हातून सुटली नाही.

शेवटचे दिवस त्याचे चांगले गेले नाहीत. मिळाले ते त्याने ठेवले नाही. १८१२ च्या सुमारास तो पुण्यात वारला. पेशवाई बुडायला तेव्हा सहा वर्षे होती.

राहता राहिला आमचा प्रवेश. घरून कॉलेजला येताना माझी एसटी निमगाव केतकी, सणसर करत येते. हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. आषाढात याच रस्त्यावर टाळ-मृदंग असतो आणि चैत्रात जत्रांना निघालेल्या तमाशाच्या गाड्या. त्या एसटीत डब्याच्या झाकणावर मी पंतांची आर्या मोजून पाहिली. आर्या सहसा ठेक्याशिवाय म्हणतात. पंतांची आर्या म्हणजे बहुतेक गीती, एका ओळीत तीस मात्रा. ओळीअखेर श्वासाला दोन मात्रा सोडल्या की बत्तीस, म्हणजे केरव्याची चार आवर्तने. सणसर यायच्या आत ती झाकणावर चपखल बसली.

प्रयोगाच्या रात्री डफ फुटला. कागदाचाच होता, सुरेख फुटला. मी विंगेत गेलो नाही. रामजोशीने आर्या उचलली तशी मी धुम्म्यावर हलका ठेका धरला. तो माझा मित्रच. क्षणभर बिचकला, मग त्यानेही आवाज मोकळा सोडला. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या, त्याही आर्येला. दिग्दर्शक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. वहीत तसे नव्हते.

मेच्या सुट्टीत हा अंक घरी जाईल. धाकटी बहीण सातवीत आहे, ती आजीला सगळे मोठ्याने वाचून दाखवते. त्या वेळी वडील ओट्यावरच असतात.