रेम्ब्रँटचे दिवाळे

सन १६५६. जुलै महिन्याची २५ आणि २६ तारीख. अ‍ॅमस्टरडॅममधील एका प्रशस्त तीनमजली घरात शहराच्या नादारी कार्यालयाचे कर्मचारी खोल्याखोल्यांतून फिरून यादी करीत होते. भिंतींवरची चित्रे, रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शंख-शिंपले, जुनी शस्त्रे, मुद्राचित्रांच्या जाडजूड वह्या, खुर्च्या, स्वयंपाकघरातील भांडी असे सारे काही कागदावर उतरत होते. धुण्यासाठी बाहेर गेलेले सदरे आणि रुमालही त्यातून सुटले नाहीत. यादी ३६३ नोंदींवर थांबली. घराचा मालक होता युरोपातील एक नामवंत चित्रकार, रेम्ब्रँट व्हॅन राइन. त्या वेळी त्याचे वय ५० वर्षांचे होते.

थोर कलावंत आणि दारिद्र्य यांची सांगड घालण्याची आपल्याला सवय आहे. रेम्ब्रँटबाबत तर एक आख्यायिकाच रूढ झाली. ‘नाइट वॉच’ हे भव्य चित्र ग्राहकांना आवडले नाही, कामे बंद झाली आणि चित्रकार देशोधडीला लागला, अशी ती कथा. वस्तुस्थिती निराळी आहे. १६४२ मध्ये पूर्ण झालेले ते चित्र ज्यांनी काढून घेतले त्या नगररक्षक दलाच्या सभागृहातच लागले आणि त्यापोटी सुमारे १,६०० गिल्डर एवढी घसघशीत रक्कम चित्रकाराला मिळाली. रेम्ब्रँट बुडाला तो कलेमुळे नव्हे. स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारा कोणताही कारागीर ज्या वाटेने बुडतो, त्याच वाटेने तो गेला.

१५ जुलै १६०६ रोजी लायडन गावी एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. चित्रकलेचे शिक्षण लायडन व अ‍ॅमस्टरडॅम येथे झाले. १६३१ च्या सुमारास तो अ‍ॅमस्टरडॅमला आला तो हेन्ड्रिक युलेनबर्ग या चित्रव्यापाऱ्याच्या कार्यशाळेत. ‘डॉ. टुल्प यांचा शरीरशास्त्राचा पाठ’ या १६३२ मधील चित्राने त्याचे नाव झाले. १६३४ मध्ये युलेनबर्गच्या नात्यातील सास्किया या सधन घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. त्या काळच्या हॉलंडमध्ये चित्रकार हा सुतार-सोनारांसारखा श्रेणीचा सभासद, स्वतंत्र व्यावसायिक असे. रेम्ब्रँटचे उत्पन्नही अनेक वाटांनी येई. व्यक्तिचित्रे होती, मुद्राचित्रांची विक्री होती, शिष्यांचे शुल्क होते आणि इतरांच्या चित्रांचा व्यापारही होता.

जानेवारी १६३९ मध्ये त्याने १३,००० गिल्डरांना घर घेतले. किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षात आणि उरलेली रक्कम पुढच्या पाच-सहा वर्षांत फेडायची होती. आवक पाहता हा व्यवहार वेडेपणाचा म्हणता येणार नाही. घरातच चित्रशाळा होती, विक्रीची खोली होती, शिष्यांना जागा होती. पण घर, दुकान आणि कुटुंब यांची थैली एकच झाली. शिवाय लिलावात चढी बोली बोलून दुर्मीळ वस्तू घेण्याचा नाद त्याला होता. हातात पैसा असे तेव्हा तो वस्तूंत जाई आणि घराचे देणे मागे पडे. ठरलेली मुदत उलटली. विक्रेत्याने तगादा लावला नाही, रेम्ब्रँटनेही घाई केली नाही.

दरम्यान घरावर आघात होत होते. तीन अपत्ये तान्हेपणीच गेली होती. चौथा टिटस जगला. पण तो जेमतेम नऊ महिन्यांचा असताना, जून १६४२ मध्ये, सास्किया निवर्तली. तिने आपला निम्मा वाटा टिटसच्या नावे केला होता. रेम्ब्रँटला पुनर्विवाह करेपर्यंत त्याचा उपभोग घेता येणार होता. पुढे हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स ही तरुणी त्याच्या संसारात आली, तरी त्याने तिच्याशी विवाह केला नाही. त्यामागे मृत्युपत्रातील ही अट असावी, असे अभ्यासक मानतात. त्याची किंमत मात्र हेन्ड्रिक्येला मोजावी लागली. १६५४ मध्ये चर्चच्या मंडळाने गरोदर हेन्ड्रिक्येला पाचारण करून दोषी ठरविले.

१६५२ ते १६५४ या काळात इंग्लंडशी युद्ध जुंपले. समुद्री व्यापार अडखळला आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजारात पैशाची टंचाई निर्माण झाली. १६५३ मध्ये घराचा विक्रेता क्रिस्टोफेल टाइस याने व्याजासह ८,४७० गिल्डरांची थकबाकी मागितली. रेम्ब्रँटने तीन ठिकाणांहून कर्ज उभारले. नगराध्यक्ष कॉर्नेलिस विट्सन यांच्याकडून ४,१८० गिल्डर, इसाक व्हॅन हर्ट्सबेक या व्यापाऱ्याकडून ४,२०० आणि मित्र यान सिक्स याच्याकडून १,०००. म्हणजे एकूण ९,३८० गिल्डर. जुने कर्ज नव्या कर्जाने फेडण्याचा हा मार्ग कोणत्याही छोट्या व्यावसायिकाला परिचित आहे. तीन वर्षांत त्याचे सर्व दोर कापले गेले.

मे १६५६ मध्ये त्याने घर टिटसच्या नावे वर्ग केले. मुलाला आईचा वाटा मिळावा, असा त्याचा एक अर्थ. घर धनकोंच्या हाती लागू नये, असा दुसरा. त्यानंतर जुलैमध्ये त्याने हेगच्या उच्च न्यायालयाकडे मालमत्ता स्वाधीन करण्याची परवानगी मागितली. रोमन कायद्यातून आलेली ही तरतूद दुर्दैवाने बुडालेल्या प्रामाणिक ऋणकोसाठी होती. व्यापारात आणि समुद्रावर नुकसान झाल्याचे कारण त्याने दिले. अर्ज मंजूर झाल्याने तुरुंग टळला. मात्र कर्ज माफ झाले नाही. सर्वस्व विकूनही जे देणे उरेल, त्यापोटी पुढच्या कमाईवर धनकोंचा हात पडू शकत होता.

लिलाव सुरू झाले. आयुष्यभर जमविलेला मुद्राचित्रे व रेखाटनांचा संग्रह सुमारे ६०० गिल्डरांना गेला. १३,००० गिल्डरांचे घर १६५८ मध्ये ११,२१८ गिल्डरांना विकले गेले. वाटणीत बळी तो कान पिळी हा न्याय चालला. विट्सन १६५८ मध्ये पुन्हा नगराध्यक्षपदी आले आणि त्यांची रक्कम पूर्ण वसूल झाली. टिटसच्या पालकाने मुलाच्या वाट्यासाठी दावा लढविला व जिंकला. त्यामुळे हर्ट्सबेकला हाती आलेले ४,२०० गिल्डर परत करावे लागले, तर टिटसला १६६५ मध्ये ६,९५२ गिल्डर मिळाले. एका बापाने मुलाचा हक्क राखला. पण विश्वासाने पैसे देणारा दुसरा माणूस त्यात भरडला गेला. दिवाळे एकट्याचे कधीच नसते.

कुटुंब रोझनग्राख्त या भागात भाड्याच्या घरात गेले. तेथे या कहाणीतील सर्वांत शहाणा निर्णय घेतला गेला. १५ डिसेंबर १६६० रोजी हेन्ड्रिक्ये आणि टिटस यांनी चित्रव्यापाराची भागीदारी नोंदविली. रेम्ब्रँट त्यात मालक नव्हता, भागीदारही नव्हता. तो सल्ला व मदत देणार, चित्रे काढणार आणि त्या बदल्यात त्याला राहणे-जेवण मिळणार, एवढेच. त्याने टिटसकडून ९५० आणि हेन्ड्रिक्येकडून ८०० गिल्डरांची उचल घेतली होती. तीही चित्रांतून फेडायची होती. त्याच्या नावावर काहीच नसल्याने धनकोंना जप्त करण्यासारखे काही उरले नाही. चर्चने धिक्कारलेली स्त्री आणि एकोणीस वर्षांचा मुलगा यांनी चित्रकाराच्या हाती कुंचला राहील, अशी व्यवस्था केली.

याच वर्षांत ‘वस्त्रपरीक्षक मंडळ’ (१६६२) आणि ‘ज्यू वधू’ यांसारखी चित्रे जन्माला आली. दारिद्र्याने प्रतिभा फुलली, असा सोपा निष्कर्ष मात्र काढू नये. १६६२ मध्ये त्याला सास्कियाच्या थडग्याची जागाही विकावी लागली. १६६३ मध्ये हेन्ड्रिक्ये गेली. सप्टेंबर १६६८ मध्ये, लग्नाला वर्षही झाले नसताना, टिटसचे निधन झाले. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रँटने जगाचा निरोप घेतला. वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या कबरीत त्याचे दफन झाले; ती जागा आज सांगता येत नाही.

त्याचे घर मात्र उभे आहे. १९११ पासून तेथे संग्रहालय आहे. त्यातील खोल्या मूळ स्वरूपात सजविताना संग्राहकांना सर्वाधिक उपयोग झाला तो १६५६ मधील त्या ३६३ नोंदींच्या यादीचा. धनकोंची रक्कम वसूल व्हावी म्हणून केलेल्या कागदाने चित्रकाराचा संसार असा जपून ठेवला.