प्रेमचंद रायचंद आणि मुंबईची पत

गेल्या वर्षी माझ्या मामांची ठेव एका पतसंस्थेत अडकली. पाटोद्याच्या स्टँडवर तेव्हा दुसरा विषयच नव्हता. संस्थेने कर्जे कोणाला दिली, कशाच्या तारणावर दिली, हे रांगेतल्या एकाही ठेवीदाराला ठाऊक नव्हते. ते ऐकताना मला प्रेमचंद रायचंद आठवत राहिले. मुंबईचा राजाबाई टॉवर पुष्कळांनी निदान चित्रात पाहिला असेल. तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला तेच हे गृहस्थ.

त्यांचा जन्म १८३१ साली सुरतेस झाला. वडिलांबरोबर ते मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि दलालीत शिरले. इंग्रजी जाणणारा देशी दलाल त्या काळी विरळाच.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, नव्या कंपन्या यांचे पेवच फुटले. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

हा भाव चढला कसा? १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. शेअर गहाण टाकून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. या खरेदीने भाव वाढे, आणि वाढलेल्या भावाने तेच तारण अधिक भक्कम दिसे. मग कर्ज मागणाऱ्याची खरी पत कोण सांगणार? प्रेमचंद! त्यांची शिफारस आली की बँकेचा चिटणीस फारशी चौकशी करीत नसे. इतरांची पत जोखणारा, शेअरांची दलाली करणारा आणि स्वतः कर्ज उचलणारा माणूस एकच होता. मला ते लबाड वाटत नाहीत. चढत्या भावावर त्यांचाही इतरांइतकाच विश्वास बसला असावा. पण दुसऱ्याच्या ठेवींवर असा विश्वास ठेवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा प्रश्न उरतोच.

एप्रिल १८६५ मध्ये युद्धाचा शेवट झाला आणि कापूस कोसळला. १ जुलै हा मुदतीच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी कोणी कोणाचे देणे फेडू शकेना. प्रेमचंद बुडाले. बँक कशीबशी तग धरून होती, तिचाही १८६८ साली गाशा गुंडाळला गेला. पुढे चौकशी आयोगासमोर त्या शिफारशींचा पाढा वाचला गेला.

मात्र विद्यापीठाला दिलेले पैसे तेजीतच देऊन झाले होते. १८६४ साली ग्रंथालयासाठी २ लाख, मागोमाग मनोऱ्यासाठी तितकेच. अट एवढीच की मनोऱ्याला आईचे नाव द्यावे. टॉवर १८७८ साली पुरा झाला. तोवर प्रेमचंद पुन्हा बाजारात उभे होते. १८७५ साली दलालांनी जो संघ स्थापला, ज्यातून आजचा मुंबई शेअर बाजार घडला, त्याच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतात. १९०६ साली ते वारले.