केडगावच्या पंडिता रमाबाई : एवढं शिकूनही देवाकडे समज मागत राहिल्या

पुण्याहून दौंडकडे रेल्वेनं जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथलं मुक्ती मिशन दौंड, शिरूर, बारामती भागातल्या बहुतेकांना ऐकून माहीत आहे. ज्या बाईंनी ते उभारलं त्या पंडिता रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकातही भेटतं. विधवांसाठी काम केलं, परदेशात गेल्या, ख्रिस्ती झाल्या, एवढं आपण वाचलेलं असतं. पण हे सगळं करायला त्यांना बळ कुठून मिळालं, ते फारसं कुणी सांगत नाही. ते बळ त्यांच्या प्रार्थनेत होतं. आणि ती प्रार्थना त्यांना सहजासहजी आली नव्हती.

जंगलातलं घर आणि संस्कृतचे धडे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत गंगामूळ नावाचं रान आहे, तिथे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे घर करून राहत होते. शास्त्री मोठे विद्वान. बाईमाणसानं संस्कृत शिकू नये असा तो काळ, पण त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना शिकवलं. त्यावरून लोकांचे बोल खाल्ले, तरी मागे हटले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवलं. रमा लहान असताना घर मोडलं आणि सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि जे मिळेल त्यावर दिवस काढायचे. वय वाढलं तसे हजारो श्लोक त्या पोरीला तोंडपाठ झाले.

मग दुष्काळ आला. जवळ होतं ते दानधर्मात, व्रतवैकल्यात संपलं. शास्त्रीबुवांची श्रद्धा अशी की देव काहीतरी वाट दाखवील. भांडीकुंडी, दागिने विकले. शेवटी रानातली पानं नि बोरं खाऊन दिवस ढकलले. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, नंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. भाऊ श्रीनिवास आणि दोघं जण मिळाले, चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमेला द्यावा लागला. उंची कमी पडली म्हणून तिनं भार डोक्यावर घेतला.

पुढं कधी प्रार्थनेचा विषय निघाला की हे सगळं त्यांच्या पाठीशी असायचं. मागूनही काही मिळत नाही म्हणजे काय, ते त्यांनी उपाशी पोटी पाहिलं होतं. म्हणून त्यांची श्रद्धा भोळी होती असं कुणी म्हणू नये.

पंडिता झाल्या, पण मन रिकामंच

बहीणभाऊ पायी चालत राहिले. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे केले, त्यात झोपले आणि अंगावर वाळू ओढून घेतली. असं हजारो मैल फिरत १८७८ साली ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमेची परीक्षा घेतली, थक्क झाले आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. तेव्हा तिचं वय होतं वीस.

मानसन्मान झाला, व्याख्यानं झाली. पण जसजसे ग्रंथ जास्त वाचले, तसतसा एक प्रश्न टोचू लागला. बाईला आणि शूद्राला स्वतःची अशी मुक्ती नाही, असंच त्यांना त्या पोथ्यांमध्ये जागोजागी दिसलं. ज्ञान पुष्कळ होतं, पण आपण कुठे जायचं ते त्या ज्ञानातून कळत नव्हतं.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जातही वेगळी, भाषाही वेगळी. आसामात सिल्चरला संसार मांडला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. नवऱ्याच्या पुस्तकांत एकदा बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान त्यांच्या हाती लागलं. वाचलं, आवडलं, एका मिशनऱ्याकडून काही समजून घेतलं. नवऱ्याला ते रुचलं नाही, गोष्ट तिथेच राहिली. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवराही गेला. तेविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, पदरी वर्षाचंही न झालेलं लेकरू.

पुणे ते इंग्लंड

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारकांनी हात दिला. आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका नि डॉक्टर बायका हव्यात असं ठणकावून सांगितलं. १८८३ मध्ये मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेज गावी जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्या जोगिणींचं लंडनजवळ एक घर होतं. वाट चुकलेल्या बायकांना तिथे ठेवून घ्यायचे, धंदा शिकवायचे आणि प्रेमानं वागवायचे. आपल्याकडे अशा बाईला गावात उभं करत नसत. हा फरक कुठून आला, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलणाऱ्या येशूची गोष्ट त्यांना सांगितली गेली. ती त्यांच्या मनाला लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न संपले नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच कसं, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. मठातल्या बायका म्हणत, आधी मान, मग कळेल. रमाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका जुन्या अधिकाराखालून सुटून दुसऱ्या अधिकाराखाली मान द्यायला आपण आलो नाही, अशी त्यांची भूमिका. पत्रांवर पत्रं झाली, वाद झाले, रुसवेफुगवे झाले. शास्त्र स्वतः वाचायचं आणि समज देवाकडे मागायची, ही सवय त्यांना तिथेच लागली.

आठ वर्षांनी उघडलेलं दार

१८८६ मध्ये नात्यातल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव फिरल्या आणि हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत करणारी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई, ज्या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आलं.

याच काळात रमाबाईंना एक गोष्ट उमगली. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला, त्याचं तत्त्वज्ञान पटलं, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही. घर बदललं होतं, मालकाची ओळख झाली नव्हती, असं म्हणा ना. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन वाचताना त्यांना आपलीच अवस्था त्यात दिसली. मग वाद बाजूला ठेवून त्यांनी प्रार्थना केली. आपल्या विद्येवर नाही, पुण्याईवर नाही, त्याच्या दयेवर भरवसा टाकला. त्यानंतर त्यांचं मन स्थिर झालं. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी.

बायबलात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पौलाचं पत्र आहे. त्यात पौल त्या माणसांसाठी धनदौलत मागत नाही. त्यांना ज्ञानाचा आत्मा मिळावा, अंतःकरणाचे डोळे उघडावेत आणि देवानं कसल्या आशेसाठी बोलावलं ते कळावं, असं मागतो. ख्रिस्ती जीवनात आत्मिक ज्ञान आणि आशा अशी जोडीनं चालतात. देव कसा आहे हे जेवढं कळेल, तेवढी आशा पक्की. रमाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य याच क्रमानं गेलेलं दिसतं.

पुण्याचं वादळ

ही आशा लगेच कसाला लागली. शारदा सदनात ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत, दार मात्र लावत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला. केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

वचन मोडलं असं टीकाकारांचं म्हणणं होतं. रमाबाईंचं म्हणणं, कुणावर जबरदस्ती केली नाही आणि स्वतःच्या घरात प्रार्थना लपवून करणार नाही. तो वाद इतिहासात आजही चालतो. पण एक खरं, त्यांनी दार लावलं नाही आणि सदनही बंद पडू दिलं नाही.

केडगावची माती

अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच होती. पुढे काय? त्यासाठी शेतजमीन आणि फळबाग असावी असा विचार करून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जागा घेतली. १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा प्रार्थना मेळावा भरला होता. रमाबाईंबरोबर विश्वासात आलेल्या पंधरा मुली होत्या. तिथे त्यांनी देवाकडे एक धाडसी मागणं केलं. पंधराचे पंधरा पट व्हावेत, म्हणजे २२५. एवढ्या मुली कुठून येणार, ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

थोड्याच महिन्यांत मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी आली आणि रमाबाईंना स्वतःचं बालपण आठवलं. त्या तिकडे गेल्या. हाडाचे सापळे झालेल्या पोरी, विधवा, टाकून दिलेल्या बायका गोळा करून आणल्या. अशा सुमारे तीनशे झाल्या. त्यात पुण्यात प्लेग आला, सदनात इतक्या जणी ठेवायला मनाई झाली, तेव्हा केडगावच्या रानात झोपड्या बांधून सगळ्यांना नेलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर माणसं दीड हजाराच्या वर गेली. इंग्लंडमध्ये पाहिलेलं ते घरही रमाबाई विसरल्या नव्हत्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं.

एवढ्या तोंडांना रोज जेवण घालायचं. रमाबाई प्रार्थना करत आणि त्याच हातांनी कामही करत. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, शाळा, अंध बायकांसाठी शिक्षण. प्रत्येक मुलीच्या हाताला काम मिळालं. प्रार्थनेला बसणं आणि रिकामं बसणं यातला फरक त्यांना पक्का माहीत होता.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज पहाटे खास प्रार्थना सुरू केली. सुरुवातीला सत्तरेक जणी बसत, जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास बसू लागल्या. पवित्र आत्म्यानं आपल्याला आणि या देशातल्या ख्रिस्ती लोकांना जागं करावं, हे मागणं. जूनच्या अखेरीस मुक्तीत मोठी जागृती झाली. मुली रडून पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालली आणि पुढे टोळ्या करून आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला निघाल्या. जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात केडगावचं नाव आहे ते या घटनेमुळे.

गावच्या बाईला कळेल असं बायबल

आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी भरलेलं होतं, खेड्यातून आलेल्या मुलींना कळत नसे. ज्या बाई संस्कृतच्या पंडिता, त्यांनीच ठरवलं की हे साध्या मराठीत आणायचं. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकायला घेतल्या. टाइप जुळवणं, छापणं, बांधणं, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. आपल्याला समज मिळाली, ती दुसरीलाही तिच्या बोलीत मिळावी, हाच त्यामागचा विचार. ऐकू कमी येत होतं, तब्येत खचत होती, काम थांबलं नाही.

जुलै १९२१ मध्ये मिरजेला मनोरमा वारली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात, पुढची सगळी भिस्त तिच्यावर. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. सोळाव्या वर्षी आईच्या तिरडीला खांदा देताना रमेच्या हाती काहीच उरलं नव्हतं. आता मात्र मरणापलीकडे भेट आहे, ही आशा होती. दुःख कमी झालं नाही, पण रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ते काम उरकलं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावलाच त्यांनी देह ठेवला. पूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ मध्ये.

१९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. केडगावचं काम शंभर वर्षांनंतरही चालू आहे, निराधार बाया-मुलींना तिथे आजही आसरा मिळतो.

देवाकडे सगळेच काही ना काही मागतात. पाऊस, पीक, पोराला नोकरी. तसं मागण्यात गैर काही नाही, मुक्तीतल्या पोरींसाठी रमाबाईंनीही भाकरी मागितली. पण त्याआधी त्या समज मागायच्या, आणि मिळालेली समज हाताला लावायच्या. दुष्काळानं जिचं घर खाल्लं, तिनंच पुढं दुष्काळातल्या शेकडो पोरींना घर दिलं. प्रार्थनेतून आलेली आशा कशी असते हे कुणाला पाहायचं असेल, तर केडगाव काही लांब नाही.