सेलेस्तँ फ्रेने : वर्गातील छापखाना

दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या डोंगरी खेड्याच्या प्राथमिक शाळेत १९२४ साली एका तरुण शिक्षकाने एक लहानसे हातमुद्रणयंत्र विकत आणून ठेवले. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात या घटनेची नोंद झालेली आहे. आपल्याकडील साहित्याभ्यासकांचे मात्र तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः लिहिणारा, छापणारा आणि वाचणारा यांच्या परस्परसंबंधाचा तो एक असाधारण प्रयोग होता. आणि छापलेल्या शब्दाची किंमत लेखकांना जशी मोजावी लागते तशीच ती त्या शिक्षकालाही मोजावी लागली. या दृष्टीने सेलेस्तँ फ्रेने यांचे चरित्र पाहण्याजोगे आहे.

फ्रेने यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९६ रोजी आल्प-मारितीम विभागातील गार या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, बालपण रानात, गुराढोरांच्या सोबतीने गेले. गावची बोली प्रोव्हाँसाल आणि शाळेची भाषा फ्रेंच. भाषेच्या या दुहेरी संसाराची ओळख भारतीय वाचकास वेगळी करून द्यावयास नको. १९१२ मध्ये ते नीस येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाले. परंतु १९१५ मध्ये सैन्यात बोलावणे आले आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये शमँ-दे-दाम येथील रणभूमीवर त्यांच्या फुप्फुसास गंभीर जखम झाली. दीर्घ उपचारांनंतर, १९२० च्या जानेवारीत, सहायक शिक्षक म्हणून ते बार-स्युर-लू येथे रुजू झाले.

जखमी फुप्फुसामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलता येत नसे. म्हणून त्यांनी मुलांना बोलते केले, असे त्यांच्या चरित्रांतून नेहमी सांगितले जाते. ही हकीकत खोटी नव्हे. पण ती अर्धीच आहे. महायुद्धातून अधू होऊन परतलेले शिक्षक फ्रान्समध्ये पुष्कळ होते. त्या सर्वांनी काही छापखाने घातले नाहीत. फ्रेने यांनी या काळात वाचन केले, प्रवास केला. १९२२ मध्ये हांबुर्गच्या मुक्त शाळा पाहिल्या, १९२३ मध्ये माँत्रे येथील नवशिक्षण परिषदेत आदोल्फ फेरिएर, क्लापारेद प्रभृतींची भाषणे ऐकली. तेथून परतताना उत्साहाइतकीच निराशाही त्यांच्या पदरी होती. ते नवे शिक्षण मोजक्या मुलांच्या, सुसज्ज शाळांचे होते. त्यांच्यापुढे होता धुळकट बाकांचा, शेतकऱ्यांच्या मुलांनी गच्च भरलेला सरकारी वर्ग. (ज्या १९२० साली फ्रेने बार-स्युर-लूला आले त्याच साली गिजुभाई बधेकांनी भावनगरात बालमंदिर उघडले आणि पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. गिजुभाई माँटेसोरी पद्धतीच्या वाटेने निघाले. फ्रेने यांना मात्र त्या पद्धतीचे ठरीव साहित्य मुलाच्या जीवनापासून तुटलेले वाटले. ही तुलना स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

फ्रेने मुलांना घेऊन गावात व शिवारात हिंडू लागले. विणकर, सुतार, ओढा, अत्तरासाठी कडू नारिंगाच्या फुलांची होणारी तोडणी, हे सारे मुलांनी पाहावे, परतल्यावर त्यावर बोलावे आणि जुळवलेला मजकूर फळ्यावर लिहावा, असा क्रम ठरला. एकदा मुलांनी वर्गातच गोगलगायींची शर्यत लावली आणि तिचे वर्णन फळ्यावर उतरले. वर्ग तल्लीन झाला. पण संध्याकाळी फळा पुसला गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच क्रमिक पुस्तक उघडले, ज्यातील वाक्यांचा त्या मुलांच्या आयुष्याशी काही संबंध नव्हता. फळ्यावरचे ते जिवंत वाक्य टिकवावे कसे, या अडचणीतून मुद्रणयंत्राची कल्पना पुढे आली.

शाळेत मुद्रण करणारे फ्रेने पहिलेच होते असे नाही. पोल रोबँ यांनी एकोणिसाव्या शतकातच सँप्विस येथील अनाथालयात आणि नंतर बेल्जियममध्ये देक्रोली यांनी आपल्या शाळेत ते केले होते. फ्रेने यांचे वेगळेपण असे की त्यांनी मुद्रण हा एक हस्तव्यवसाय म्हणून शिकवला नाही. वाचन-लेखनाच्या मध्यभागी आणून बसवला. निवडलेला मजकूर ओळीओळीने वाटून दिला जाई. प्रत्येक मूल खणांतून शिशाचे खिळे वेचून आपली ओळ जुळवी. अक्षरे उलटी, शब्दांमधली मोकळी जागासुद्धा हाताने भरावयाची. मग चौकट आवळणे, रुळाने शाई लावणे, कागद ठेवणे, दाब देणे. पहिल्या छापात सापडलेली चूक म्हणजे गुरुजींच्या लाल शाईची खूण नव्हे, तर चिमट्याने उपटून बदलावयाचा एक खिळा. शुद्धलेखनाचा विषय येथे नीतीच्या प्रांतातून कारागिरीच्या प्रांतात आला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. छापलेली पाने एकत्र बांधून प्रत्येक मुलाचे जे पुस्तक तयार होई त्यास ते जीवनपुस्तक म्हणत. क्रमिक पुस्तक हळूहळू बाजूला पडले.

तथापि छापलेले पान वाचणारा कोण? १९२६ च्या ऑक्टोबरापासून ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरील सँ-फिलिबेर येथील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी नियमित देवघेव सुरू झाली आणि या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दर काही दिवसांनी छापील पानांची पुडकी देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ लागली. एकीकडे नारिंगाची फुले आणि ऑलिव्ह, दुसरीकडे समुद्र, भरती-ओहोटी आणि मासेमारी. आपल्या अंगणातील जी गोष्ट आजवर सांगण्याचे कारणच नव्हते ती न पाहिलेल्या वाचकासाठी नीट सांगणे आता भाग पडले. वर्णन ही एक गरज झाली. निबंधाचा प्रकार राहिली नाही. येथे एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. दोन्ही खेड्यांतील घरची भाषा शाळेची भाषा नव्हती. एका बाजूस प्रोव्हाँसाल, दुसऱ्या बाजूस ब्रेतन. ही मुले एकमेकांस भेटली ती फ्रेंचमधूनच. मुक्त लेखनाचे हे स्वातंत्र्य राजभाषेच्या कुंपणाच्या आतले होते.

अध्यासनांवरून लेखकत्वाची चर्चा करणाऱ्या आपणा मंडळींस या मजकुरांचा कर्ता ठरवताना अडखळावे लागेल. मूल स्वेच्छेने लिहिते. वर्ग मतदानाने त्यातील एक निवडतो. मग सर्वजण फळ्यापाशी त्याची वाक्ये घासूनपुसून घेतात. शेवटी अनेक हात तो जुळवतात. मजकुराखाली एका मुलाचे नाव असले तरी त्यात वर्गाचा वाटा उघड असतो, आणि शिक्षकाचाही. फ्रेने यांचे टीकाकार या शेवटच्या वाट्यावर बोट ठेवीत आले आहेत, ते अगदीच निराधार नाही. पण लोकसाहित्याच्या अभ्यासकास ही रचनाप्रक्रिया अपरिचित वाटू नये. १९२७ मध्ये निरनिराळ्या शाळांतील अशा लेखनाचे ला झेर्ब हे सामायिक नियतकालिक निघाले. त्याच वर्षी तूर येथे मुद्रण करणाऱ्या शिक्षकांची पहिली परिषद भरली. त्यांच्या सहकारी संस्थेने यंत्रे, खिळे, पुस्तिका, पुढे चित्रपट व ध्वनिमुद्रिकाही पुरवल्या. फ्रेने यांच्या पत्नी एलीझ चित्रकार होत्या. १९२६ मधील विवाहानंतर मुलांच्या चित्रांकडे व लिनोलियमवरील कोरीवकामाकडे त्यांनी विशेष लक्ष पुरवले.

१९२८ मध्ये हे दांपत्य सँ-पोल या गावी आले. शाळेची स्थिती वाईट होती आणि आवश्यक गोष्टींसाठी नगरप्रमुखाशी फ्रेने यांचे सतत खटके उडत. अशा वातावरणात एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. शालेय साहित्याचे पैसे न देणाऱ्या नगरप्रमुखाविरुद्ध वर्ग उठतो, झटापटीत लिहिणाराच त्याला चाकूने ठार करतो आणि पुढे फ्रेने नगरप्रमुख होतात, असा त्याचा मथितार्थ. हे स्वप्न इतर मजकुरांप्रमाणेच छापले गेले. १९३२ च्या डिसेंबरात त्यातील मजकुराची भित्तिपत्रके गावाच्या भिंतींवर झळकली. शार्ल मोरास यांनी आपल्या उजव्या विचारसरणीच्या दैनिकातून हल्ला चढवला. फ्रेने कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, तेव्हा विरोधकांस अधिक पुराव्याची गरज वाटली नाही. पालकांत फूट पडली. २४ एप्रिल १९३३ रोजी शाळेस जमावाने वेढा घातला. उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. फ्रेने यांनी तो स्वीकारला नाही आणि अखेर सरकारी नोकरी सोडली.

ते पान छापावयास हवे होते काय? फ्रेने यांच्या बाजूचे लोक हा प्रश्न विचारणेच गैर मानतात. मला तसे वाटत नाही. फळ्यावर ते स्वप्न संध्याकाळी पुसले गेले असते. वहीत राहते तर त्याचा वाचक एकच असता. मुद्रणाने त्याला असे वाचक दिले ज्यांची निवड ना मुलाने केली होती ना शिक्षकाने. सँ-फिलिबेरचा स्नेहशील वाचक आणि सँ-पोलच्या भिंतीवरचा द्वेषपूर्ण वाचक हे दोन्ही एकाच यंत्रातून निघाले. फ्रेने यांनी हे जाणले असावे, कारण मुलाच्या लेखणीस चाप लावण्यापेक्षा त्यांनी स्वतःची नोकरी जाऊ दिली. लहान मुलाच्या वाक्याची जबाबदारी मोठ्या माणसाने पूर्णपणे अंगावर घेतल्याचे असे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही.

१९३५ मध्ये वाँसजवळच्या टेकडीवर त्यांनी स्वतःची शाळा उघडली. स्पेनच्या यादवी युद्धात निराधार झालेल्या मुलांनाही तेथे आश्रय मिळाला. मार्च १९४० मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑक्टोबर १९४१ पर्यंत ते निरनिराळ्या छावण्यांत स्थानबद्ध होते. सुटकेनंतर आल्प्समधील व्हालुईझ येथे नजरकैदेत असताना श्रमाधिष्ठित शिक्षण व बालमानस यांवरील त्यांचे प्रमुख ग्रंथ आकारास आले. युद्धोत्तर काळात कीर्ती मिळाली, तीही विनातक्रार नव्हे. १९४९ मधील लेकोल ब्युइसोनिएर हा झाँ-पोल ल शानुआ यांचा चित्रपट त्यांच्याच जीवनावर बेतलेला होता, पण श्रेयावरून वाद झाला. आणि १९५० नंतर त्यांच्यावर टीकेची झोड उठली ती या खेपेस कम्युनिस्ट विचारवंतांकडून.

नव्या उपकरणांचे त्यांना भय नव्हते. ध्वनिफीत-यंत्र वर्गात आले, आयुष्याच्या अखेरीस पेटीतून सरकणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या पट्ट्याही त्यांनी तयार केल्या. या पट्ट्यांत मला मुद्रणयंत्राचे तेज दिसत नाही. तेथे मूल यंत्राला उत्तर देते, वाचकाला नव्हे.

इटलीत त्यांच्या प्रेरणेने १९५१ मध्ये शिक्षकांची सहकारी चळवळ उभी राहिली होती. तिच्यातील मारिओ लोदी १९६३ मध्ये बार्बियानाच्या शाळेत गेले, तेथील मुलांशी त्यांच्या वर्गाचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि सर्वांनी मिळून लिहिण्याची जी रीत त्या मुलांनी अंगीकारली तिच्यातून १९६७ मध्ये बाईंना लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र निर्माण झाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने वाचले जाते.

ते पुस्तक पाहावयास फ्रेने नव्हते. ८ ऑक्टोबर १९६६ रोजी वाँस येथे त्यांचे निधन झाले आणि गार येथे त्यांचे दफन करण्यात आले. एलीझ यांनी त्यांच्यामागे शाळा सांभाळली. १९९१ मध्ये ती फ्रेंच सरकारने विकत घेतली.