दामाजीपंतांनी उघडलेले कोठार

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे काळ्या जमिनीचे आणि ज्वारीचे गाव. येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचे नाव त्याआधी कित्येक शतके होते. हे पीक रब्बीचे. परतीचा पाऊस, विशेषतः हस्ताचा, पडला तर कणीस भरते. तो चुकला तर वर्ष चुकते. गावाच्या कुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले, ते हेच मंगळवेढे. त्यानंतर शतकभराने येथील कोठारांच्या किल्ल्या दामाजीपंतांच्या हाती आल्या.

दामाजीपंत बीदरच्या बहामनी सुलतानाचे चाकर होते. कोणी त्यांना मामलेदार म्हणतात, कोणी ठाणेदार. हुद्दा काहीही असो, काम एकच: सारा गोळा करायचा, धान्य साठवायचे आणि बीदरला हिशेब द्यायचा. पंत पंढरीच्या विठ्ठलाचे निस्सीम भक्त. आणि पंढरपूर येथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. त्यांचे चरित्र घरोघरी पोहोचले ते महिपतींच्या भक्तविजयातून. हा ग्रंथ इ.स. १७६२चा, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलेला. त्यामुळे त्यातील इतिहास कोठे संपतो आणि भक्तिकथा कोठे सुरू होते, याचे भान वाचकानेच ठेवायचे.

परंपरेने ज्याला दामाजीपंतांचा दुष्काळ म्हटले जाते, तो इ.स. १४६०च्या सुमाराचा. त्याआधी इ.स. १३९६ पासून तब्बल बारा वर्षे दख्खन होरपळवणारा दुर्गादेवीचा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात ताजा असणार. पाऊस गेला की आधी गुरे जातात, मग माणसे गाव सोडतात, आणि ओस पडलेले गाव पुढे पाऊस आला तरी लवकर वसत नाही. उशिरा आलेल्या धान्याला खाणारे तोंडच उरलेले नसते.

कथा अशी की, पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण पंतांच्या पंक्तीला बसला आणि घरची उपाशी मुले आठवून रडू लागला. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठवले. ते वाटेतच लुटले गेले. येथे पंतांच्या ध्यानात आले असावे की, एका घराला पोसून भागणार नाही. त्यांनी सरकारी कोठारे सर्वांसाठी खुली केली. बीदरची परवानगी मागितली नाही. घोडेस्वार जाऊन येईपर्यंत थांबण्याइतका वेळ लोकांजवळ नव्हता.

या धाडसाची किंमत समजण्यासाठी तख्तावर कोण होते, ते पाहावे लागते. १४६० हे साल धरले तर तेथे हुमायूनशहा बहामनी होता. १४५८ ते १४६१ एवढ्याच कारकिर्दीत त्याने जालीम ही ओळख कमावली. कोठारातील धान्य म्हणजे सरकारी सारा आणि फौजेची शिबंदी. ते वाटणे हा राजद्रोहच. पंतांच्या हाताखालील मुजुमदाराने बीदरला कागद धाडला. मुजुमदाराला कथेत खलपुरुष केले आहे; पण जमाखर्च पाहणाऱ्याने तूट कळवली, एवढाच त्याचा अपराध होता, असेही म्हणता येईल.

पंतांना पकडून नेले जात असतानाच विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, बीदर गाठले, धान्याची सारी रक्कम भरली आणि रीतसर पावतीही घेतली, असे कथा सांगते. पंतांची सुटका झाली. पुढे त्यांनी चाकरी सोडली आणि उरलेले आयुष्य विठ्ठलचरणी घालवले.

श्रद्धेचा भाग श्रद्धेवर सोडला, तरी ही पावती मनात राहते. त्या राज्यव्यवस्थेत उपाशी रयतेसाठी कोठार उघडण्याची तरतूदच नव्हती. म्हणून हिशेब मिटवायला कथेला थेट देवाला आणावे लागले. तरतूद यायला पुढे चार शतके लागली. १८७६-७७च्या भीषण दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात आष्टी तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले. त्या अनुभवानंतर १८८०च्या दुष्काळ आयोगाने संहितेचा पाया घातला: भाव चढू लागले, माणसे भटकू लागली की अधिकाऱ्याने काय करावे, हे आधीच लिहून ठेवायचे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले. आणि त्याच्या ५०व्या कलमाने संकटकाळी निविदेची वाट न पाहता तातडीची खरेदी करण्याची मुभा दिली. दामाजीपंतांजवळ असे कलम नव्हते.

मंगळवेढ्यात आज त्यांचे मंदिर आहे, तालुक्यातील सहकारी साखर कारखान्यालाही त्यांचेच नाव आहे. बोलीभाषेने मात्र त्यांची गंमत केली: दाम या शब्दाच्या ओढीने मराठीत दामाजीपंत म्हणजे चक्क पैसा झाला. खिशात दामाजीपंत नसतील तर कोणी विचारत नाही, असे आपण सहज बोलून जातो, तेही दाम न घेता कोठार रिते करणाऱ्या माणसाच्या नावाने.