पांढऱ्या उताराचा अभ्यासक

आमच्या यवतमाळात पांढरे शुभ्र ढीग दिसतात ते कापसाचे. बर्फाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. पण आपल्या घरची मुले सैन्यात जातात, सुटीत गुलमर्गला जातात. त्याच गुलमर्गजवळ, खिलनमर्गला, २०१० साली प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात गेले. म्हणून माथिआस झ्दार्स्की यांची कथा मला सांगावीशी वाटते.

ते १८५६ साली मोराव्हियात जन्मले. लहानपणीच एक डोळा गेला. पेशाने शिक्षक, आवडीने चित्रकार. १८८९ मध्ये ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डला शेत घेऊन ते एकटे राहू लागले. नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडल्याचे वाचून त्यांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. त्या लांब फळ्या आल्प्सच्या तीव्र उतारांवर जुमानेनात. तेव्हा वर्षानुवर्षे खटपट करून त्यांनी आखूड स्की आणि पोलादी पकड तयार केली, पुस्तक लिहिले, असंख्य लोकांना शिकवले.

पहिल्या महायुद्धात सैनिकांना बर्फातले धोके समजावण्याचे काम त्यांच्याकडे आले. २८ फेब्रुवारी १९१६ रोजी हिमस्खलनाने त्या जाणकारालाच गाठले. सुमारे ८० ठिकाणी हाडे मोडली. वय होते ६०. तरीही ते पुन्हा स्कीवर उभे राहिले आणि १९२९ मध्ये हिमस्खलनावर त्यांचा ग्रंथ निघाला. १९४० मध्ये ते वारले.

बर्फ थराथराने साचतो. उतरत्या पत्र्यावर ज्वारी पसरून वर जड गोधडी टाकावी, तसे कधी कधी होते. खालचा थर भुसभुशीत, वरचा वाऱ्याने घट्ट झालेला. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही अख्खी गोधडी निसटते. गाडलेल्याला पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर आशा. पुढे ती झपाट्याने मावळते.

बँकेत कर्जाचे कागद कितीही चोख असले, तरी आम्ही शेत पाहायला जात असू. जाणते लोक बर्फात खड्डा खणून थर तपासतात, ते याचसाठी. आज चंदीगडची संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी आपल्या मुलाने अर्ध्या वाटेवरून परतावे आणि घरच्यांनी त्याला भित्रा म्हणू नये. झ्दार्स्कींपेक्षा बर्फ अधिक जाणणारे त्या काळी फार थोडे होते.