पेट्रोलचा 'दर्जा' घडविणारा शापित संशोधक

पेट्रोलपंपावर साधे पेट्रोल भरावे की चार पैसे जास्त मोजून 'प्रीमियम' घ्यावे, हा प्रश्न आज मोटारमालकांच्या अंगवळणी पडला आहे. पेट्रोलला असे वेगवेगळे दर्जे असू शकतात, ही कल्पना मात्र शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि ती रुजविण्यात सर्वांत मोठा वाटा होता थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याचा. हयातीत मानसन्मान मिळविलेल्या आणि मृत्यूनंतर जगाच्या टीकेचा धनी झालेल्या या संशोधकाचे आयुष्य विलक्षण आहे.

१८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स या गावी मिजली यांचा जन्म झाला. वडील स्वतः संशोधक वृत्तीचे, टायरच्या व्यवसायातील. मिजली यांचे बालपण ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेले. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे ज्या रसायनशास्त्राने त्यांना कीर्ती दिली, त्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. हँडल न फिरवता बटणावर मोटार सुरू करणारा 'सेल्फ स्टार्टर' मोटारींत आणणारे ते हेच केटरिंग.

त्या काळी मोटार उद्योगाला एका दुखण्याने ग्रासले होते. चढावर किंवा वेग घेताना इंजिनातून हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येई, ताकद कमी होई आणि दट्ट्यांना तडे जात. आजचे मेकॅनिक ज्याला 'नॉकिंग' म्हणतात, तेच हे. अनेकांनी याचा दोष केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रज्वलनावर ढकलला. मिजली यांनी प्रयोग करून खरा दोषी शोधला. तो यंत्रात नव्हता, इंधनात होता. ठिणगी पडल्यावर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने जळत गेले पाहिजे. परंतु हलके इंधन असेल तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेट घेते. हा अवेळी भडका म्हणजेच तो ठोका.

उपाय शोधण्याची सुरुवात एका चुकीच्या तर्काने झाली. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषून घेईल, असे मिजली आणि केटरिंग यांना वाटले. हाताशी रंग नव्हता म्हणून मिजली यांनी आयोडीन मिसळले आणि आवाज थांबला! पुढे खरे रंग वापरून पाहिले, तेव्हा त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. पण आयोडीन महाग आणि धातू गंजविणारे. मग एकामागून एक द्रव्यांची परीक्षा सुरू झाली. सेलेनियम, टेल्युरियम यांची संयुगे प्रभावी ठरली. पण त्यांची दुर्गंधी अंगाला अशी चिकटे की माणसांत वावरणे मुश्कील व्हावे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग हाती लागले. एका गॅलनमध्ये सुमारे ३ घनसेंटीमीटर एवढी अल्प मात्रा पुरेशी होती.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथील एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. त्याला 'एथिल' असे नाव देण्यात आले. शिशाचा उल्लेख नावातून कटाक्षाने वगळला गेला. साध्या पेट्रोलपेक्षा दर जास्त असूनही ग्राहकांनी ते उचलून धरले. चांगले पेट्रोल आणि साधे पेट्रोल अशी विभागणी मोटारमालकांच्या मनात पक्की झाली. पुढे १९२६ मध्ये एथिल कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी या दर्जाला मोजमाप दिले. न ठोकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य धरून इंधनाची तुलना करण्याची ही पद्धत म्हणजेच 'ऑक्टेन' क्रमांक.

यशाला काळी किनार मात्र लगेच दिसली. शिशाच्या बाधेमुळे १९२३ च्या आरंभी खुद्द मिजली यांना काम सोडून फ्लोरिडात विश्रांतीला जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे शुद्धीकरण कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मृत्युमुखी पडले. अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. अन्य दोन कारखान्यांतही बळी गेले. त्या महिनाअखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातावर चोळले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखविला. बाधेचा स्वानुभव असलेल्या माणसाने असे करावे, हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान आहे.

डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मे १९२५ च्या सरकारी परिषदेत स्पष्ट विरोध केला. विक्री काही काळ थांबली. परंतु १९२६ मध्ये चौकशी समितीला बंदीसाठी सबळ कारण दिसले नाही आणि शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले. वास्तविक पर्याय समोर होता. अल्कोहोल मिसळल्यास नॉकिंग थांबते, हे मिजली यांनी स्वतःच तपासले होते. पण अल्कोहोल कोणालाही गाळता येते, त्यावर मक्तेदारी शक्य नव्हती. शिवाय ते मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे. शिशाचे तसे नव्हते. व्यापाराचे गणित विज्ञानावर वरचढ ठरले.

मिजली तेथेच थांबले नाहीत. तेव्हाच्या फ्रिजमध्ये विषारी वायू वापरले जात. त्यांना पर्याय म्हणून त्यांनी व सहकाऱ्यांनी फ्रिऑन हा बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो श्वासात घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझविली. अमेरिकी रसायनशास्त्र संस्थेचे प्रीस्टली पदक १९४१ मध्ये आणि अध्यक्षपद १९४४ मध्ये त्यांना लाभले. शंभराहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर होती.

१९४० मध्ये पोलिओने त्यांचे पाय निकामी झाले. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत अडकून वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. तो अपघात होता की नाही, यावर चरित्रकारांत मतभेद आहेत.

त्यांच्या शोधांचा हिशेब जगाने नंतर मांडला. धुराड्यातून बाहेर पडणारे शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते, हे सिद्ध झाले. फ्रिऑनच्या वर्गातील वायू ओझोनचा थर पोखरतात, हे १९७४ मध्ये उघड झाले आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांना आवर घातला. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांपासून शिसेविरहित पेट्रोलची सुरुवात झाली आणि २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार झाले. जगात मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही २०२१ मध्ये ते थांबले. आणि ज्या अल्कोहोलकडे पाठ फिरविण्यात आली, तेच आज इथेनॉलच्या रूपाने, महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून, पेट्रोलच्या टाकीत परतले आहे.

मिजली यांनी सोडविलेल्या कोड्यात आजच्या मोटारमालकाच्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. ऑक्टेन क्रमांक म्हणजे इंधनातील ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी न पेटण्याची ती क्षमता आहे. जास्त दाबाच्या किंवा टर्बो इंजिनाला उंच क्रमांकाची गरज भासू शकते. साध्या इंजिनात महाग पेट्रोल भरून सहसा केवळ खिसा हलका होतो. गाडीच्या पुस्तिकेत उत्पादकाने छापलेला क्रमांक पाळावा, एवढेच पुरे. स्वस्त-महाग इंधनाची खरी किंमत पंपावरच्या आकड्यात नेहमीच दिसत नाही, हा धडा मात्र जगाला मिजली यांच्या आयुष्याने शिकविला.